मारुतीनं सोडलेली खोळ

शिशाबद्दल मला विचारा. निलंग्यात बस स्टँडच्या मागं माझं बॅटरीचं दुकान हाय. इन्व्हर्टरच्या, ट्रॅक्टरच्या, टमटमच्या, सगळ्या बॅटऱ्या येतात. कॉलेज केलं न्हाई. मोबाईलवर बघून आणि मेलेल्या बॅटऱ्या उघडून शिकलो.

शिसं लई गुणी हाय. नखानं ओरखडा उठतो एवढं मऊ. पाण्यात वर्षानुवर्षं पडलं तरी लोखंडासारखं झडत न्हाई. गॅसवर पळीत वितळतं. मुठीएवढा गोळा उचलला तर मनगट खाली जातं. भोयांच्या मासे धरायच्या जाळ्याला खाली वजन असतं ते शिसं. एक्स-रेच्या खोलीचं दार जड असतं ते आतल्या शिशानं. लाईट गेल्यावर तुमचा पंखा फिरतो तो बी शिशावरच फिरतो.

आणि तेवढंच हरामी. आमच्या दुकानात हनीफ चाचा बसतात. तरुणपणी ते हैदराबादकडं जुन्या बॅटऱ्या वितळवायच्या भट्टीवर होते. त्यांचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबतो, वर उचलत न्हाई. चहाचा कप डाव्या हातानं धरतात. मी दुकान टाकलं तवा पहिल्या दिवशीच म्हणले, "बेटा, साप काटे तो मालूम पडता. ये काटता और मालूम नै पडता."

म्हणून माझ्या दुकानात वितळवणं बंद. जुन्या प्लेटा कंपनीच्या माणसाला परत. हातात हातमोजे, तोंडाला मास्क, दुकानात खाणं न्हाई.

हे सगळं सांगून राहिलो कारण ह्या उन्हाळ्यात तेच शिसं आमच्या घरात सहाणेवर आलं, मधात कालवलं गेलं आणि माझ्या वैनीच्या पोटात जाऊ लागलं.

आमचं गाव निलंग्यापासून कर्नाटकाच्या अंगाला. घरी माय तारामती, मोठा भाऊ व्यंकटदादा, त्याची बायको पुनमवैनी आणि मी. वैनीला सहावा महिना. दोन वर्षांमागं एक लेकरू पाचव्या महिन्यात गेलं होतं. तवापासून माय दारातल्या मांजराला बी भिते. मी दुकानातून आलो की आधी न्हाणीत, कपडे बाहेर, साबण लावून हात, मग उंबरा. "तुझं ते शिसं माझ्या सुनंच्या अंगावर नको," असं म्हणायची. बरोबरच होतं तिचं.

हनुमान जयंती झाल्यावर गावच्या मारुतीची खोळ पडली. ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. शेंदूर तेलात कालवून दगडी मूर्तीला लावतात, दर शनिवारी, पिढ्यानपिढ्या. थरावर थर चढतात, बोटभर जाड होतात. मग कधीतरी तो सगळा थर आपोआप सुटून पडतो, आतून देवाच्या नाकडोळ्यांचा ठसा घेऊन. देवानं खोळ सोडली म्हणतात. लई शुभ. सगळं गाव लोटलं. रामलिंगकाका गुरवांनी ज्यानं मागितला त्याला एकेक तुकडा दिला, देवघरात ठेवायला.

मी त्या आठवड्यात देगलूरच्या एका ऑर्डरमध्ये गुतलो होतो. घरी रात्री यायचं, सकाळी जायचं. एका सकाळी उशिरा निघालो तर माय ओसरीत सहाण घेऊन बसलेली. वाटलं हळकुंड उगाळती.

"माय, हे काय?"

"दिसत न्हाई का. देवाची खोळ."

"उगाळून काय करतीस?"

"पुनमला देते मधातून. तू लहान असताना वेखंड उगाळून दिलं, जायफळ दिलं, मेलास का? दोन वेढे घेते फक्त."

"कवापासून?"

"देवानं दिल्यापासून."

मी तुकडा उचलला. खापरी म्हणून उचलला आणि हात खाली गेला. तो भार मी ओळखतो. दिवसभर तोच उचलतो.

"माय, हे शिसं असंल."

ती उगाळायची थांबली न्हाई. "शिसं तुझ्या दुकानात. ह्या घरात तुझ्या पायांनी येतंय म्हणून तर देवाचं औषध देते. तुझ्या शिशावरचाच उतारा हाय हा."

आता हिला काय सांगणार. बॅटरीच्या प्लेटीत जी नारिंगी भुकटी भरतात ती आणि जुना अस्सल शेंदूर एकच असतो, शिसं भाजून केलेला. पण मला एक शंका होती आणि ती रास्त होती. आजकाल बाजारात शेंदूर म्हणून खडूला रंग लावून बी विकतात. वजनावरून अंदाज येतो, पण अंदाजावर मायशी भांडलो तर ती जन्मभर ऐकवंल. पक्कं करायचं होतं.

वैनी स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, पोटावर हात दाबून.

"दुखतंय का?"

"पिळवटतं मधून मधून. बायका म्हणतात दिवसांतलं असतंय. संडासला बी नीट न्हाई. आणि तोंडात सारखं खिळा चघळल्यावानी."

"वैनी, ते चाटण उद्यापासून घेऊ नका."

तिनं माझ्याकडं बघितलं. वैनी फार बोलत न्हाई, पण बोलती ते तोलून. "भावजी, तुम्ही आईंसमोर सांगा. मी देवाचं न्हाई म्हनले आनि परत तसंच काही झालं, तर तो ठपका कुनाच्या डोक्यावर? माझ्या. मला शिसं चालंल, ते चालायचं न्हाई."

ते ऐकून मी सरळ मारुतीच्या पारावर गेलो.

रामलिंगकाका नवा शेंदूर कालवत होते. मी म्हणलं, खोळीचा एक तुकडा द्या, तापवून बघायचाय. त्यांनी हात पुसला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"देवाला तापवनार तू?"

"देवाला न्हाई. त्यानं सोडलं त्याला."

"कामून?"

सगळं सांगितलं. वैनीचं पोट, तोंडातली चव, सगळं. त्यांनी शेंदराची वाटी झाकून ठेवली. मग म्हणले, "माझ्यासमोर कर. देवाची वस्तू हाय, तुझ्या एकट्याच्या हातात देत न्हाई. आनि काही न्हाई निघालं तर आकरा शनवार तू पार झाडायचास."

"अन् निघालं तर?"

"निघालं तर बघू. आधी निघू दे, शहाण्या."

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या बसनं दुकानात आले, तुकडा पांढऱ्या फडक्यात बांधून. हनीफ चाचांनी खुर्ची पुसली.

"या गुरव. हमारे दुकान में हनुमानजी पहली बार आये. चाय बोलूं?"

"देवाला नको, मला सांगा. साखर कमी."

दुकानामागं मोकळी जागा हाय. वारं पाठीवर घेऊन उभा राहिलो, मास्क लावला, त्या दोघांना लांब बसवलं. तुकडा कुटला, लोखंडी पळीत कोळशाच्या भुकटीत मिसळला आणि खालून टॉर्च लावला. आधी तेल जळालं, काळा धूर. मग नारिंगी रंग गेला, पिवळट झाला. मी टॉर्च काढला न्हाई. थोड्या वेळानं काळ्या राखेत काहीतरी हललं. पाऱ्यासारखं. इकडून एक थेंब, तिकडून एक थेंब, पळी तिरकी केली तर दोन्ही पळत येऊन एक झाले.

पाणी ओतलं न्हाई, तसंच थंड होऊ दिलं. मग तो मणी फरशीवर टाकला. टण्ण वाजला न्हाई. बद्द वाजला. लोखंड वाजतं, पितळ वाजतं, शिसं बद्द करतं. मी हातमोज्यासकट नखानं दाबून दाखवलं, ओरखडा चमकला.

"घ्या काका. तुमचा मारुती अस्सल शेंदराचा हाय. भेसळ न्हाई."

चाचा हसले. काका न्हाई हसले. ते चाचांच्या लोंबत्या पंजाकडं बघत होते.

"हे ह्याच्यानंच झालं का?"

"इसीसे," चाचा म्हणले. "मेरा तो धुएं से गया. लेकिन पेट से और जल्दी जाता. हमल से है ना वो बच्ची?"

"हाव, सहावा महिना हाय."

"तो फिर देर मत करो."

काकांनी चहा खाली ठेवला. "माझा बाप शेंदूर लावून झाला की राखेनं हात घासायचा, मगच भाकरीला शिवायचा. मला बी तसंच लावलं. मी समजलो सोवळं हाय."

"मग तुम्ही वाटलं कामून?"

"मी पुजायला वाटलं, बाबा. खायला मी सांगितलं न्हाई. गावात आधी कुनी उगाळलं ते घरी जाऊन इचार. तुझ्या मायनं. तिचं बघून बाकीच्या बायका लागल्या."

हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी काका माझ्या गाडीवर मागं बसून घरी आले. माय ओसरीत तांदूळ निवडत होती. दादा रानातून नुकताच आलेला, पाय धूत होता. मी मणी कागदावर ठेवून मायसमोर सरकवला आणि काय केलं ते सांगितलं.

"हे तुझ्या दुकानातलं उचलून आनलंस," माय म्हणली.

"तारामती, माझ्यासमोर निघालंय," काका म्हणले. "त्याच्या हातातनं मी पळी बी घेऊन बघितली."

"गुरव असून तुमी देव जाळला?"

"देव जाग्यावर हाय. जाऊन बघ, आंघोळ घालून आलोय. हे त्यानं उतरून टाकलेलं कापड. तुझ्या नवऱ्याचं फाटलं धोतर तू जपून ठेवशील, न्हाई कोन म्हनतंय? पर धोतर कुटून सुनंला चारशील का?"

दादाला हसू आलं, त्यानं तोंड फिरवलं. माय लाल झाली.

"मागच्या खेपेला देवाचं काही केलं न्हाई. डॉक्टरच्या गोळ्या दिल्या, लोखंडाच्या, कसल्या कसल्या. काय झालं? सांगा ना. आता ह्या खेपेला मी हात जोडून एक गोष्ट करते तर तुमी तिघं माझ्या अंगावर आला."

मागचं कामून गेलं ते डॉक्टरला बी कळलं नव्हतं.

तवा वैनी आतून आली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"आई, मी रोज मुकाट्यानं घेतलं. उद्यापासून घेनार न्हाई. पारावर जाऊन रोज नमस्कार करीन, तुमी म्हनाल तेवढ्या परदक्षिना घालीन. पोटात घालनार न्हाई."

"आनि काही झालं तर?"

"तर मला बोला. मी ऐकून घेईन. पर हे घेऊन काही झालं तर मी तुमाला बोलनार न्हाई आनि मला ते लई जड जाईल."

मायच्या हातातले तांदूळ सुपात पडले. दादा तसाच ओल्या पायांनी उभा होता. तो एवढंच म्हणला, "सकाळी लातूरला जाऊ. माय, तू बी चल. डॉक्टरला तूच सांग किती दिलं ते."

लातूरच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत. मला वाटलं होतं बाई मायला झापतील. मी तर मनातून तयारच होतो मायच्या बाजूनं भांडायला. त्यांनी झापलं न्हाई. फाईल बघितली, वैनीचं पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले. मग मायकडं वळल्या.

"किती देत होता, आजी?"

मायनं करंगळीचं नख दाखवलं.

"आणि सहाणेवर उरायचं त्याचं काय करायच्या?"

"देवाचं टाकायचं कसं? मी बोटानं चाटून घ्यायची."

मी मायकडं बघितलं. दादानं बी बघितलं.

"मग तुमचंही रक्त घेऊ," डॉक्टरबाई म्हणल्या. त्यांनी सांगितलं ते मला आधीच माहीत होतं, पण त्यांनी माझ्यापेक्षा नीट सांगितलं. शरीराला शिसं आणि कॅल्शियम ह्यातला फरक कळत न्हाई. चुनखडी समजून हाडात साठवून ठेवतं. बाईला दिवस गेले की बाळासाठी हाडातलं काढायला लागतं, त्याच्याबरोबर हे बी निघतं आणि नाळेतून पलीकडं जातं. बाळाचा मेंदू घडत असतो, त्याला हे सोसत न्हाई. "पण घेणं वेळेवर थांबवलंत," त्या म्हणल्या. "आता दूध, नाचणी, कॅल्शियम आणि त्या लोखंडाच्या गोळ्या, ज्यांच्यावर तुमचा राग आहे. पोटात कॅल्शियम आणि लोह भरपूर असलं की शिसं कमी शोषलं जातं. रिपोर्ट आला की पुढचं ठरवू."

वैनीनं तवा पहिल्यांदा पदरानं तोंड पुसलं.

डॉक्टरबाई लिहिता लिहिता म्हणल्या, "गावात आणखी कोणी घेतंय का?"

माय बोटं मोजायला लागली. "पार्वतम्माची नात, बाळंतीन हाय. ती लेकराला बी बोट लावते. मलप्पाची सून. वरच्या आळीची..." आणि थांबली. बोटं तशीच दुमडलेली राहिली. "सगळ्यांना मीच सांगितलं," ती म्हणली. डॉक्टरला न्हाई. आम्हाला बी न्हाई. असंच, समोर बघून.

येताना माय वेशीत आल्यावर म्हणली, "थांबव."

दादा वैनीला घेऊन घरी गेला. मी मायच्या मागं. मला वाटलं ती पारावर जाईल. ती गेली सरळ पार्वतम्माच्या दारात. पार्वतम्मा म्हणजे बिदरकडची, ह्या गावात येऊन पन्नास वर्षं झाली तरी भांडताना अर्धी कानडीत भांडते. जात्यासारखी बाई. ओसरीत पानाचा डबा घेऊन बसली होती, शेजारी नातीचं लेकरू गोधडीवर.

"खोळीचा तुकडा दे," माय म्हणली.

"बारे यव्वा, बस की आधी. तुझा संपला का?"

"संपला न्हाई. तुझा दे. लेकराला आजपासनं लावायचा न्हाई. त्यात शिसं हाय."

पार्वतम्मानं पानाला चुना लावला, घडी घातली, गालात सारली. मग बोलली. "त्या शनवारी तूच माझ्या ओसरीत बसून सांगितलीस, पार्वता, दोन वेढे उगाळ, पोरगं वज्रासारखं होतंय. आज तूच न्यायला आलीस. मारुती तुझ्या माहेरचा हाय का? मन आलं की द्यायचा, मन आलं की काढून घ्यायचा?"

"मारुती सगळ्यांचा हाय. चूक माझी एकटीची हाय. आन तुकडा."

"तुझ्या पोरानं शिकवलं असंल. बॅटरीवाल्यानं."

मी तोंड उघडणार होतो. मायनं मागं न बघता हातानं गप केलं.

"पोरानं शिकवलं, गुरवानं शिकवलं, लातूरच्या बाईनं शिकवलं. मला सगळ्यांनी शिकवलं. आता मी तुला शिकवते, कारन तुला मीच बिघडवलं. पार्वता, माझ्या सुनंच्या पोटात ते गेलंय. माझ्या हातानं गेलंय. तुझ्या पोराच्या तोंडात जाऊ देऊ का मी?"

पार्वतम्मा चघळायची थांबली. तिनं लेकराकडं बघितलं. लेकरू आपली मूठ चोखत पडलं होतं, त्याला काही पडलेलं नव्हतं. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली, तुकडा घेऊन आली.

"सहान बी दे," माय म्हणली.

"सहान कामून? माझ्या सासूची हाय."

"तिच्यात मुरलंय. माझा शिवा दुसरी आनून देईल."

"चंदन उगाळायला लागंल तशी आन रे, गुळगुळीत नको," पार्वतम्मा मला म्हणली आणि सहाण अशी दिली की माझा पाय थोडक्यात वाचला.

त्या संध्याकाळी माय सगळी गल्ली फिरली. काही दारांत शिव्या खाल्ल्या, एका दारात तिला बसायला बी सांगितलं न्हाई. तिनं सगळीकडं तेच सांगितलं, चूक माझी, आन तुकडा. रामलिंगकाकांना ते सगळं नदीत सोडायचं होतं, रीतीप्रमाणं. मी म्हणलं नदीत न्हाई, खाली लोकं तेच पाणी पितात. थोडं वाजलं आमचं. शेवटी जुन्या बॅटऱ्यांच्या रिकाम्या पेट्यांत तुकडे भरले, तोंडं सिमेंटनं बंद केली आणि मारुतीच्या पारापुढं नवा चौथरा बांधायचा होता त्याच्या पायाभरणीत ठेवल्या. काकांनी वर नारळ फोडला. शिशासाठी बनवलेल्या पेट्या, त्यापेक्षा चांगली जागा मला तरी सुचली नसती.

पुढच्या खेपेला जीप करून गेलो. पार्वतम्मा, तिची नात, लेकरू, मलप्पाची सून, वैनी, माय. माय पुढच्या सीटवर. सगळ्यांचं रक्त दिलं. लेकरानं एकट्यानं सगळ्यांच्या वाटचं रडून घेतलं.

आमचे आधीचे रिपोर्ट त्याच दिवशी हातात आले. वैनीचं शिसं वाढलेलं होतं, पण औषध टोचून काढायला लागावं एवढं न्हाई. "बंद ठेवलं की उतरेल," डॉक्टरबाई म्हणल्या. "बाळाची वाढ बरोबर आहे. जन्मल्यावर त्याचंही तपासू." मायचं वैनीच्या दुप्पट निघालं.

बाहेर बाकड्यावर मी मायला समजावून सांगितलं. तिनं आकडा दोनदा म्हणून घेतला. पुनमचा किती, माझा किती.

"म्हंजी जास्तीचं माझ्यात आलं."

"तू चाटत होतीस ना उरलेलं."

"म्हंजी तिच्या वाटचं बी माझ्यात आलं." तिनं मान हलवली. "बरं झालं."

"माय, तशी वाटणी होत न्हाई. तिचं तिला, तुझं तुला. तुला बी दूध प्यायचंय, गोळ्या घ्यायच्यात."

"ते मी बघते. तू जा, तिला दूध आन आधी. साय काढू नको म्हन टपरीवाल्याला."

मी दोन ग्लास आणले. एक वैनीला दिला, दुसरा मायच्या पुढं धरला. ती घेईना. वैनीनं आपला ग्लास बाकड्यावर ठेवला आणि हाताची घडी घालून बसली. पार्वतम्मा पलीकडून म्हणली, "पी की यव्वा, तुझ्यापायी ती बी उपाशी बसलीय."

मायनं ग्लास घेतला. वैनीनं तिचा उचलला. मी लेकराचा रिपोर्ट कधी येईल ते विचारायला परत आत गेलो.